भोंगा कुणी द्यायचा

मातोझिन्यूशला आमच्या कारखान्याचा भोंगा
शेजारच्याहून अर्ध्या सुराने खाली होता,
म्हणून रात्री अडीचलाही बायकांना झोपेतच कळायचं
तारली कुणाच्या दारात आलीय.
चावी माझ्याकडे असायची. निर्णय नाही.

आबिलियु क्वारेश्मा साहेब धक्क्यावर उतरत,
पेटीतली एक तारली उचलत,
अंगठ्याने तिचा डोळा दाबत.
बस्स. "वाजव," नाहीतर मान हलवून घरी.
का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
मला वाटतं त्यांनाही ठाऊक नसावं,
अंगठ्याला ठाऊक होतं.
एकदा अंगठा चुकला, अख्खी खेप खतात गेली.
दुसऱ्या रात्री पुन्हा तोच अंगठा, तीच ऐट,
आणि खरं सांगू? थंडीत त्या ऐटीची ऊब वाटायची.

मग पुतण्या, व्हाल्देमार, कोइंब्राहून शिकून आलेला.
थर्मामीटर, वही, मागच्या सात वर्षांचे ऑक्टोबर,
पत्र्याचा भाव, तेलाचा भाव.
"अजून एकच आकडा, झुल्मिरा."
तो एक आकडा येईपर्यंत
शेजारचा भोंगा वाजलेला असायचा, अर्ध्या सुराने वर.
हिशेब त्याचा कधीच चुकला नाही.
मासळी तेवढी दुसऱ्याच्या डब्यात.

एर्मेलिंदा बाई सगळ्यांना विचारत.
डबे जोडणाऱ्याला, डोकी कापणाऱ्या बायकांना,
आणि एकदा मला: "तुला काय वाटतं?"
मी मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतायत.
त्यांच्या काळात आम्ही उशिरा उठलो, पण कुरकुरत नाही.
फक्त एका वर्षी
सगळ्यांनी मिळून, एकमताने,
टाळ्या वाजवून एक मोठी चूक केली
आणि दोष द्यायला कुणी सापडेना.

आता मालक रॉटरडॅमला.
फोन येतो: "परिस्थितीवर लक्ष ठेवा."
मी परिस्थितीवर लक्ष ठेवते.
परिस्थिती माझ्यावर.

परवाच्या मंगळवारी पावणेतीनला
'एस्ट्रेला दु लेसा' धक्क्याला लागली.
तांडेल ओनोफ्रे म्हणाला, "दोनशे पेट्या. वीस मिनिटं थांबतो."
मी रॉटरडॅमला फोन लावला. घंटा वाजत राहिली,
कुठल्यातरी नीटनेटक्या, रिकाम्या टेबलावर.

एक तारली उचलली, डोळा दाबला.
काहीच कळलं नाही. गार, घट्ट, माशाचा डोळा.
वही उघडली: तेल पुरेल, पत्रा कदाचित.
ओनोफ्रेला विचारलं, तुला काय वाटतं?
"मी विकणारा, बाई. मला काय विचारतेस?"

अकरा मिनिटं उरली.
वाटलं, ते तिघंही रोज इथेच येऊन थांबत असतील,
अंगठा, वही, माणसं जिथे संपतात तिथे,
आणि चारचौघांत कधी बोलले नाहीत.
हाताला घाम आला होता, चावी निसटत होती.

फिरवली.

बायका आल्या. कोटाखाली झोपेचे कपडे, पायात सपाता,
पुढे इदालिना, केस मोकळेच.
"कुणी सांगितलं?"
"मी."
ती माझ्याकडे बघत राहिली,
माशाकडे बघतात तशी.
मग अॅप्रनची गाठ मारत म्हणाली,
"बरं. माझी सुरी कुठेय?"