खरा दगड

सप्टेंबर सरता सरता वांडा प्रुशिन्स्कीच्या अंगणात
थर्मोकोलचे पत्रे उतरायचे.
ईरी सरोवरावरचा वारा त्यांना टिकू देत नसे,
म्हणून एकावर वीट, एकावर बूट,
आणि एकावर तिचा नवरा,
हातात न उघडलेली बिअर घेऊन, आज्ञाधारक बसलेला.

तापल्या तारेने ती कडा कापायची.
ब्रशने पेट्रोल शिंपडलं की पत्रा चरचरत आकसायचा,
शंभर हिवाळ्यांनी कुरतडल्यासारखा.
मग करडा रंग, मग काळ्या पाण्याचा हात,
शेवटी ताकात कालवलेलं शेवाळ.
आठवडाभर गल्लीला आंबूस वास.

आणि अक्षरं ती मुद्दाम चुकवायची.
‘हायरम. म्हणाला होता, बर्फ जाड आहे.’
‘एडना. अखेर तिचंच खरं ठरलं.’
‘चिरविश्रांती’तला ‘ती’ जागा न उरल्याने
वर कोपऱ्यात टांगलेला.

उरलेले अकरा महिने ती ग्रॅनाइट कोरायची
बाराव्या रस्त्यावरच्या कारखान्यात.
लोक कागद घेऊन येत, नाव सुटं सुटं करून सांगत,
पुन्हा सांगत, पुन्हा.
तिथे खोडरबर नव्हतं.

मी चौदा वर्षांचा होतो.
हॅलोविनच्या आदल्या रात्री आम्ही तिघं कुंपणावरून आत.
पहिली लाथ हायरमला: पावाच्या तुकड्यासारखा उडाला.
एडना गुलाबाच्या काट्यांत.
तिसरा दगड पायरीपाशी, बुटका, विनोद नसलेला.
म्हणून जरा जास्तच जोरात.

दोघं पळाले.
मी गवतात, उजवा पाय छातीशी धरून,
आईला हाक मारू नये एवढीच अक्कल शिल्लक.
दिवा लागला. झगा, केसांत क्लिपा,
हातात गोठलेल्या मटारची पिशवी.
‘ल्युसिल भेटली वाटतं,’ वांडा म्हणाली.

‘ल्युसिल आमहाइन, १९४८’ आणि पुढे मृत्यूचं साल.
जन्म त्रेचाळीसचा. कागदावर शाई फुटली होती,
तीनचा आठ झाला, आणि छिन्नीने विचारलं नाही.
नव्या दगडाचे पैसे पगारातून कापले गेले,
हा तिच्या वाट्याला आला.
वर्षभर मागच्या दाराची पायरी, तोंड खाली.
ऑक्टोबरात तेवढी उताणी होऊन माणसं बघायची.

‘तिची मुलगी भांडली असेल?’
‘हसली. म्हणाली, आई सगळ्यांना पाच वर्षं कमीच सांगायची.
हसून झाल्यावर म्हणाली, तरी बदलून द्या.’
वांडाने मटार दुसऱ्या बाजूने लावले.
‘मलाही तेच बरं वाटलं,’ म्हणाली. नक्की काय, ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तार माझ्या हातात.
‘इथे पुरली आहे एका उजव्या अंगठ्याची मिजास’
असं लिहायला घेतलं, आणि ‘अंगठ्या’तला ठ
खरोखर चुकला, मुद्दाम नव्हे.
पुसायला गेलो तर तिने मनगट धरलं.
‘राहू दे. इथे चालतं.’

नोव्हेंबरच्या पहिल्या सकाळी, नाकं गळत असताना,
आम्ही दोघांनी ल्युसिलला पालथी केली,
दारापाशी सरकवली, पातळीत बसवली.
मी तिला ओलांडून लांब ढांग टाकत आत गेलो,
अजूनही तसाच जातो.
वांडा मात्र तिच्यावर खुशाल उभी राहून
बुटांचा चिखल झटकायची,
आणि वर तिला हवापाणी सांगायची.