पडणाऱ्या दातासाठी

रात्री दोनला बोधी उठून बसायची,
गार भिंतीला गाल लावून.
मी लवंग चेचून कापसात द्यायची.
त्या थंडीत घरातली अख्खी लवंगेची पुडी
एका दाढेत गेली.

चूक कुणाची, हे मला माहीत होतं.
चक्कीचा पट्टा चालू असायचा,
पोर रडू नये म्हणून बाटलीत साखरेचं दूध,
पुढं एक रुपयाची गोळी, मग दोनची.
दळणाला आलेली प्रत्येक बाई
तिच्या हातावर काहीतरी ठेवून जायची.
लाड होते ते.
लाडांनीच भोकं पाडली.

चंद्रकला काकूंनी ज्वारीचा डबा टेकवता टेकवता ऐकवलं,
"दुधाचेच त दात हायेत. पडनारच ना.
पडनाऱ्या गोष्टीवर कायले पैसा घालतं वो?"
मला उत्तर सुचलं नाही.
मी बटण दाबलं, दगड फिरू लागले,
त्या आवाजात काहीही बुडवता येतं.

यवतमाळच्या दवाखान्यातली खुर्ची निळी होती.
बोधीनं माझा पदर धरला तो सोडलाच नाही.
पदराचं पीठ डॉक्टरबाईंच्या बाहीला लागलं.
कीड कोरून झाल्यावर त्या म्हणाल्या, आता टोपी घालू.
डबीत नंबर टाकलेल्या स्टीलच्या टोप्या,
नखाएवढ्या,
जत्रेतल्या भातुकलीतून उचलून आणल्यासारख्या.
एक सैल झाली. एक घट्ट.
तिसरी टच्चकन बसली
आणि बोधी डोळे मिटूनच बोलली,
"झाकन लागलं."

मग मी विचारलंच.
काकूंचा प्रश्न, तोंड माझं.
खडतकर बाई हात धूत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या,
"यष्टीत खिडकीतून रुमाल टाकता की नाही?
माणूस मागून येतोय, तोवर जागा धरायची.
रुमालच नसला की शेजारचे सरकून बसतात,
मग ज्याची जागा तो येतो
आणि उभा राहतो, वाकडातिकडा, जन्मभर."

परतीच्या घाटंजी गाडीत
मी रुमाल टाकून दोन जागा धरल्या.
बोधी मांडीवर झोपली, तोंड उघडं.
पांढरकवड्याच्या फाट्यावर दिवे आले
तेव्हा आत काहीतरी चमकलं.

शाळेत पोट्टे तिला लोखंडदाढ म्हणू लागले.
ती रडली एक दिवस.
दुसऱ्या दिवसापासून तिनं भाव लावला:
बघायचं असेल तर एक बोर, हात लावायचा असेल तर तीन.
बोरांचा हंगाम संपेपर्यंत
अर्ध्या वर्गानं माझ्या पोरीची दाढ पाहिली होती.

पाचवीत असताना, कणीस खाताना, पडली ती.
टोपीसकट.
रिवाजाप्रमाणे उंदरासाठी छपरावर फेकली,
टिनावर टण्ण वाजली, घरंगळत खाली आली.
पुन्हा फेकली. पुन्हा आली.
"उंदराले स्टील नाई पायजे," बोधी म्हणाली,
आणि ती चक्कीच्या गल्ल्यात, चिल्लरीत टाकली.
अजून कधी कधी सुट्टे मोजताना
बोटाला लागते.

त्या संध्याकाळी काकू आल्या,
चष्मा पुसला, बोधीची हनुवटी दिव्याकडे वळवली.
हिरडीतून पांढरी किनार, करवतीसारखी,
जिथं हवी तिथंच.
यष्टीची गोष्ट मी त्यांना कधीतरी सांगितली होती.

"बसला का माणूस?"
"बसला."
"मंग दयन घे माह्यं लवकर,
अंधार पडून रायला."