पूर्वलक्षी प्रभाव

आकडा मी टाइप करायचे.
गॅलिसियातल्या एका बंदरगावाची नगरपालिका,
तळमजला, रंग उडालेल्या रेडिएटरशेजारचं टेबल.
वरून ईमेल यायची आणि मी सहाचे दहा करायचे,
दहाचे पुन्हा सहा.
एका टेबलाशी चार. चर्चमध्ये एक तृतीयांश.
धक्क्यावरच्या लिलावात बारा, मासे सोडून.
(ते ‘मासे सोडून’ माझं. कुणाच्या लक्षात आलं नाही.)

आज आलं : सर्व मर्यादा शिथिल.
शिथिल. दिवसभराचा बूट काढल्यावर
पाऊल होतं तसा शब्द.

मग पत्र्याचं उलथणं घेऊन मीच निघाले,
कारण चिकटवलेलं खरवडायला वेगळा माणूस मंजूर नाही.
दोरिंदाच्या बारमधल्या खुर्च्या आधीच रस्त्यावर होत्या,
तळघरात राहून बुरसटलेल्या.
व्हिनेगरनं पुसता पुसता ती मला शिव्या घालत होती,
जणू विषाणू मीच पाळला होता.
मग म्हणाली, बस, कॉफी घे.
पैसे मात्र पूर्ण घेतले.
बेकरीवाला उबाल्दो हळूच म्हणाला,
“आत दोनच गिऱ्हाइकं, एवढं राहू दे ना गं.
काचेवर कुणी कोपरं टेकत नाही.”
चौकात बॅगपाइपवाले जमले होते, नऊ जण.
चौदा महिने आपापल्या गॅरेजात वाजवलेलं
आता एकत्र वाजवू गेले,
तर नऊ लयी.

परतले तर एर्मितास बाकावर. हातात वहीचे फाडलेले कागद.
“अंत्यविधीला आता किती?”
मर्यादा नाही, म्हटलं.
“तेव्हा पाच होते.”
पाचच. पाद्री पाचांत धरायचा की नाही
यावर दोनदा फोन झाले होते.
(धरायचा नाही, असं ठरलं.)
“मग हा आदेश मागच्या तारखेपासून लावता येईल?
मार्चपासून. फक्त एलादियोपुरता.”

एकशे अकरा नावं.
ट्रॉलरवरचे सोबती, दातांचा डॉक्टर,
वीस वर्षं बोलणं बंद असलेला भाऊ.
एका बाईच्या नावापुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

पूर्वलक्षी प्रभाव आमच्याकडे फक्त घरपट्टीला असतो.
हे सांगायला मी तोंड उघडलं
आणि शिक्का मारला. आवक क्रमांक चारशे बेचाळीस.
‘मंजूर’चा शिक्का साहेबांच्या कपाटात असतो.
किल्ली कुठे असते, मला माहीत आहे.

शनिवारी टेकडीवर, दफनभूमीच्या भिंतीशी
दोरिंदाच्या खुर्च्यांना अजून व्हिनेगरचा वास होता.
भाऊ फाटकापाशीच थांबला, टोपी हातात,
आत नाही, बाहेरही नाही.
बॅगपाइपवाल्यांनी सुरुवात केली. तीन लयी उरल्या होत्या.
मी सवयीनं मोजायला लागले.
सत्तेचाळीसपर्यंत आले, तेवढ्यात एक पोरगं मधून पळालं,
माणसं हलली, आकडा सांडला.
पुन्हा पहिल्यापासून मोजलं नाही.

प्रश्नचिन्हवाली बाई आली. उशिरा, हिरव्या कोटात.
एर्मितासनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
मग स्वतःची खुर्ची पुढे सरकवली
आणि विचारलं एवढंच,
बस कुठल्या थांब्यावर सोडलं तुला,
वरचा रस्ता उघडला का.