बावन्न कपच्या

टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं,
म्हणून हे मला सांगता येतं.

पाटणच्या वर, पवनचक्क्यांची रांग संपते तिथून
तासभर पायवाट.
मग सड्याच्या कडेला एकदम तो,
डुलक्या धोंडा.
बैलगाडीवर बैलगाडी उभी करावी एवढा उंच,
आणि खाली, जिथं टेकायला हवा तिथं
उजेड.
फटीतून पलीकडचं कोयनेचं खोरं दिसतं.

झोऱ्यांच्या वस्तीत सांगतात,
देव इथं तूप तोलायला बसला होता.
तराजू घेऊन गेला, वजन विसरला.

बिडकर मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.
मग हातोडीच्या टोकानं दाखवत म्हणाल्या,
हा कुणी ठेवलेला नाही. हा उरलेला आहे.
लाव्हा निवताना तडकला, त्याचे ठोकळे झाले,
तड्यांत पाणी उतरलं.
कोपऱ्याला पाणी तीन बाजूंनी खातं,
म्हणून कोपरे आधी गेले,
मग कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेले,
मुरूम झाला, मुरूम वाहून गेला.
गाभा होता तिथंच राहिला.
त्याच्या भोवतीचा डोंगर निघून गेला.

माझ्या हातून टेप सुटला.
परत मोजावं लागलं.

टेकलाय कुठं, हे बघायला सुतळी.
त्या एका बाजूला, मी दुसऱ्या,
पोटावर पडून, ताणलेली सुतळी धोंड्याखालून सरकवत;
अडली की खडूची खूण.
साठ टन माझ्या कानाशी गप्प होते.
तीन ठिकाणी अडली.
तिन्ही मिळून एका भाकरीएवढी जागा.

बाकी सगळीकडं कपच्या.
पातळ, उभ्या खोचलेल्या,
काही शेवाळून काळ्या, एक अगदी ताजी.
मी मोजल्या, बावन्न.
सुतळी त्यांच्या वरून
कुठंही न अडता निघून गेली.

बमू झोरे मागं काठीवर हनुवटी टेकून बसला होता.
सदुसष्टचा डिसेंबर, पहाट व्हायची होती,
जमीन हलली आणि वस्ती बसली.
त्याची बहीण ठकी भिंतीखाली.
उजाडल्यावर तो पळत वर आला,
आता हा सुटणार, उरलंसुरलं घेऊन जाणार म्हणून.
हा तसाच.
फक्त बुडाशी दळल्यासारखी पांढरी भुकटी.
तेव्हापासून दरसाल त्या तारखेला एक कपची.

मॅडम म्हणाल्या, हा साक्षीदार आहे.
अकरा अंश कलला असता तर गेला असता.
म्हणजे इथली जमीन त्याच्या आतच हलली,
त्या रात्री, आणि त्याआधी कित्येक हजार वर्षं.
हा डुलला आणि परत बसला.

मी विचारलं, मग घरं?

भिंतीला डुलता येत नाही, त्या म्हणाल्या.

बमू उठला. धोंड्याजवळ आला, हात मात्र लावला नाही.
"बाई, माज्या कपच्यांवर किती भार हाय?"

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला.
मी सुतळी गुंडाळत राहिलो,
गुंडाळून झालेली पुन्हा सोडून गुंडाळली.

"काहीच नाही, बाबा. एकीवरही नाही."

वारा होता. लांब पातं फिरल्याचा आवाज येत होता,
फू, फू, कुणी चूल पेटवतंय तसा.
बमूनं बराच वेळ खाली वाकून बघितलं,
एकेक कपची, जणू नावानं.

"मग ब्येस," तो म्हणाला.
"म्या म्हनत हुतो, माज्या मागं
कोन बघल ह्येला."

नकाशात तीन टेकू काळ्या शाईत आहेत.
बावन्न टिंबं मी पेन्सिलीनं काढली.
मॅडमनी ती खोडली नाहीत.