छाती, पाठीमागून

कंपूच्या दवाखान्याच्या तळघरात
सत्तावीस हजार छात्या आहेत.
मोजल्या भदौरियानं. मी फक्त धूळ झटकली.

खाकी पाकिटं, कोपऱ्यांना उंदरांचे दात.
काही फिल्मा एकमेकींना चिकटलेल्या,
सोडवताना पापड मोडल्यासारखा आवाज येतो
आणि दोघांच्या फासळ्या एकमेकांत राहून जातात.
त्या बाजूला ठेवायच्या. बिनकामाच्या.

भदौरिया सव्वीस वर्षांचा, भोपाळला शिकलेला.
म्हणतो, महाडिक मॅडम, यंत्राला आपली छातीच माहीत नाही.
त्याला शिकवलंय ते दूरदेशीच्या छात्यांवर,
भरपेट, रुंद.
घाटीगावचा खाणीतला माणूस समोर धरला
की ते म्हणतं, टीबी.

आपणही चाळीस वर्षं टीबीच म्हणत होतो की,
मी म्हणते. यंत्राचं काय चुकलं मग?

तो हसत नाही. स्कॅनरचं झाकण पुसतो.

नियम असा: नाव झाकायचं.
बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. काळी चौकट.
वय राहू द्यायचं. तहसील राहू द्यायची.
संमतीच्या रकान्यात लिहायचं: लागू नाही, जुना साठा.
मी लिहिते. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

पण नाव झाकलं तरी गळ्यातला ताईत दिसतो,
ब्लाउजला टोचलेली सेफ्टीपिन दिसते,
काढायला सांगूनही न काढलेली.
आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात शिशाचा आर,
माझा, एक्याण्णव साली फरशीवर पडून
शेपूट वाकडी झालेला.
नवा मागवला होता. आला नाही.
त्यामुळं या सगळ्या बँकेत
ओळखता येईल असं माणूस एकच उरलंय.
भदौरियाला हे सांगितलं नाही मी.
उगाच त्यालाही झाकेल.

सांस भरो. रोको.
दिवसाला साठ वेळा, काचेआडून.
एक जण होता, नाव इथंही झाकते,
त्याला रोको म्हटलं आणि फोन वाजला.
स्टोअरकीपरशी हायपोवरून भांडून वळले
तर तो तसाच, हनुवटी कॅसेटवर, खांदे पुढं,
मानेच्या शिरा ताठ.
बाई, सोडू का?
त्याच्या बोलीत विचारलं त्यानं, उरलेल्या हवेत.
फिल्म हलली होती. परत काढली.
ती हललेली कुठं गेली कोण जाणे,
सत्तावीस हजारांत शोधतेय.

धंदा: मजूर.
धंदा: मजूर.
धंदा: मजूर.
पाकिटामागून पाकीट, कधी माझ्याच हातचं.
दगडाचा मजूर की विटांचा की हमाल,
विचारायचं काम माझं होतं.
रांग पार जिन्यापर्यंत असायची, हे खरं आहे.
दुपारी दोनला ट्यूब तापायची, हेही.

भदौरिया म्हणतो, रकाना रिकामा ठेवू.
पुरावा नाही.

पुरावा होता.
त्यांच्या हनुवटीखाली, मानेच्या वळ्यांत,
पांढुरकी भुकटी असायची, पिठाच्या गिरणीतल्यासारखी.
प्रत्येकानंतर मी स्टँड पुसायचे,
पुढच्याच्या फिल्मवर ठिपके नकोत म्हणून,
ओल्या गॉजनं.
संध्याकाळी बादलीत गॉजचा लगदा व्हायचा, जड,
आणि झाडूवाली कुरकुरायची
की मोरी तुंबते.

हे ऐकून तो बराच वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसला.
वरच्या मजल्यावर स्ट्रेचरचं चाक किरकिरत गेलं.
मग त्यानं नवा रकाना उघडला.
तंत्रज्ञाची आठवण.
त्याला लागून आणखी एक. भरवसा.
तो विचारत नव्हता, तरी माझ्याकडे पाहत होता.

कमी लिही, मी म्हटलं.
पण लिही.