भुईकाटा

"प्रेमळ कुत्रं पाहिजे," असं मी पहिल्यांदा म्हणालो
ते फोनवर, जळगावच्या एका माणसाला.
तो म्हणाला, लॅब्राडोर न्या, अंगावर येऊन प्रेम करतं.
पंधरा हजार, टोपलीसकट.

ते खरंच अंगावर येऊन प्रेम करायचं.
यज्ञेशनं दोन्ही कान दाबले
आणि तिसऱ्या दिवसापर्यंत भिंतीला कपाळ लावून
नुसते आकडे बोलत राहिला.
टोपली परत केली. दोन हजार कापले त्यानं.

मग मेहुण्याचा अल्सेशियन, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधला.
हात दे म्हटलं की हात द्यायचा,
आणि बघत राहायचा डोळ्यांत डोळे घालून.
नेमकं तेच आमच्या पोराला सोसत नाही.

आत्या म्हणाली, काळं आणू नका.
शेजारचे म्हणाले, आधी पोराला बोलतं करा.

जागृती रात्री वहीत लिहायची:
भुंकणारं नको. चाटणारं नको. उड्या नकोत.
ओला वास नको. अचानक काहीच नको.
खाली एक रेघ, आणि रेघेखाली: प्रेमळ हवं.
मी म्हणालो, मग राहिलं काय, दगड?
ती हसली नाही.
हसलीही असेल, लाईट गेली होती.

सावद्यात केळीच्या भुईकाट्यावर बसतो मी.
भरल्या ट्रकातून रिकामा ट्रक वजा करायचा,
उरतो तो माल. अठरा वर्षं हेच.
मे महिन्यात त्याची फैजपूरची शाळा बंद,
म्हणून तो माझ्यासोबत, पत्र्याच्या केबिनमध्ये,
पंचेचाळीस डिग्रीत मांडीवर गोधडी घेऊन.
ती लागतेच. अंगावर वजन नसलं
की तो कुठेतरी उडून चालल्यासारखा करतो.
"अकरा हजार सातशे वीस," तो वाचतो,
माझ्याआधी, कधीच न चुकता.
ड्रायव्हर लोक पावती त्याच्याच हातून मागतात.

काट्याखालच्या गार खड्ड्यात एक म्हातारी कुत्री राहते.
सायबू तडवी तिला बुधी म्हणतो; बुधवारी आली म्हणून.
एक कान अर्धा. शेपूट नावालाच.
बिस्कीट टाका, ती बघणार नाही.
तुम्ही पाठ फिरवा, मग खाईल.
मी चार वर्षं तिला ओलांडून ये-जा केली होती.

एका दुपारी चहा पिऊन आलो
तर गोधडी खाली पडलेली
आणि त्याच्या दोन्ही पायांवर बुधी,
पोतं टाकावं तशी, त्याच्याकडे पाठ करून झोपलेली.
तो स्क्रीनकडे बघतोय. कोणीच कोणाकडे बघत नाही.
फक्त त्याचं एक बोट
तिच्या फाटक्या कानाच्या काठावरून
जातंय, येतंय,
वहीच्या पानाच्या कडेवरून फिरवतो तसं.

जागृतीला फोन लावला. काय सांगावं सुचेना.
म्हणालो, गोधडी धुवायला काढ.

गोचिड्या काढायला दीड तास गेला. इंजेक्शनं तीन.
घरी येते रात्रीची, सकाळी माझ्या मोटरसायकलमागे पळत काट्यावर.
तो अजून तिला नावानं हाक मारत नाही.
तीही हाकेला येत नाही.

परवा त्याला काट्यावर उभं केलं.
ट्रकांचा काटा आहे, दहाच्या हिशोबानं बोलतो.
बाहेरच्या लाल पाटीवर तो एकटा: वीस.
बुधी एकटी: दहा.
दोघं मिळून: चाळीस.

तो थांबला. तिला उतरवलं. पुन्हा चढवलं.
चाळीस.
स्वतः उतरला. दहा. चढला. चाळीस.
घशातून तो आवाज आला त्याच्या,
आम्ही दोघंच ज्याला हसू म्हणून ओळखतो.

मला ठाऊक आहे असं का होतं.
तो बावीस, ती चौदा, काटा जवळच्या दहावर नेतो.
सांगणारच होतो,
पण मागे रावेरचा ट्रक येऊन उभा,
आणि मी धावलो, की बाबा, हॉर्न वाजवू नको,
दोन मिनिटं.
ड्रायव्हरनं आधीच इंजिन बंद केलं होतं.
कोपर खिडकीवर ठेवून तो पाटी बघत होता.
"चालू दे भो," म्हणाला,
"केयी काही पयून नाही जात."