निशाणी: गाजर

शपथपत्रात विचारलं होतं, सोनं किती.
मंगळसूत्र, दोन पाटल्या, त्यातली एक गहाण.
गहाण पाटली माझी धरायची की सराफाची
हे कारकुनालाही ठरवता येईना.
प्रलंबित गुन्हे: निरंक.
तो म्हणाला, "भाभीजी, फिर कैसे लड़ोगी?"
आणि आम्ही दोघंही हसलो,
तो जरा जास्त.

मी नळ मागितला होता.
आमच्या जनकगंजात एक दिवसाआड पाणी,
आधी पिवळं, मग वासाचं, मग नुसती हवा.
त्या हवेच्या जोरावरच उभी राहिले मी, अपक्ष.
नळ चिठ्ठीत दुसऱ्याला गेला.
मला निघालं गाजर.

छापखान्यात मोघेकाका पोट धरून हसले,
"कुंदा, दाखवतात सगळेच,
छापून दाखवणारी तू पहिली."
मग चष्मा पुसत विचारलं,
यजमानांचा फोटो वर घ्यायचा की शेजारी?
वॉर्ड बायकांसाठी राखीव,
पण कंपूपर्यंतच्या प्रत्येक खांबावर
हात जोडून नवरेच उभे,
बायका कोपऱ्यात, पासपोर्ट आकाराच्या.
म्हटलं, ह्यांना फोटो काढून घ्यायला आवडत नाही.
खरं म्हणजे ह्यांनी कधी विचारलं नाही,
आणि मीही.

आपल्या लोकांची यादी केली. एकशे अडतीस.
निम्मे मुलांकडे, पुण्याला; कड्या गंजलेल्या.
उरलेल्यांनी चहा दिला, माहेर कुठलं विचारलं.
माहूरकरीणबाई म्हणाल्या, "बोलतेस छान,
पण मत वाया नको गं जायला."
जसं काही दूधच ते,
संध्याकाळपर्यंत नासणारं.

यादीत वसंतभावजी अजून होते.
अनुक्रमांक चारशे अठरा, वय एकसष्ट.
गेले तेव्हा चोपन्नचे होते.
नाव कमी करायचा अर्ज मी तीनदा दिला,
तिन्ही वेळा पोच मिळाली.
यादीत माणूस म्हातारा होत राहतो.

डिसेंबर होता. धुक्यात घरोघर
गजकेचे पुडे गेले, आत घडी घातलेलं काहीतरी.
आमच्याही उंबऱ्यावर एक.
गजक पोरांनी खाल्ली.
घडीचं काय झालं, मी विचारलं नाही.
आदल्या रात्री गल्लीत टँकर आला,
त्यावर समोरच्याचा हसरा नवरा.
मी खिडकीच्या आत उभी,
दिवसभर बोलून घसा कोरडा, पिंपात तळाला गाळ.
दहा मिनिटं तत्त्व सांभाळलं.
मग दोन बादल्या घेऊन रांगेत गेले.
कोणी काही बोललं नाही,
उलट एकीने पुढे जागा करून दिली.
ते सगळ्यात जड होतं,
बादल्यांपेक्षा.

मोजणीच्या दिवशी हॉलबाहेर हीटर एकच,
त्याभोवती जिंकणारे.
मुलाने कागदावर केंद्रवार आकडे उतरवले.
आमच्या केंद्रावर मला चार.
घरात आम्ही सहा.
एक माझं, ते नक्की.
आणि एजंटाने सांगितलं होतं,
चारशे अठरा सकाळी सातलाच टाकून गेले.

रात्री सहा पानं घेतली.
प्रचाराची गाजरं उरली होती अडीच किलो,
कोशिंबीर केली, मोहरी फेसून,
ह्यांना आवडते तशी.
माना खाली घालून सगळे जेवत होते.
ह्यांनी एकदाच वर पाहिलं,
म्हणाले, मीठ बरोबर आहे.
मी वाढत गेले, सगळ्यांना सारखं,
कुणाचं काय, हे वाटीला काय कळतंय.
मग थोडी एका द्रोणात काढून
वसंतभावजींच्या फोटोखाली ठेवली.

उद्या पाण्याचा दिवस.
गजर साडेचारचा लावला.